दीड तासाचा फरक

सकाळी आठला रूवीत माझा संगणक सुरू होतो
तेव्हा पुण्यात साडेनऊ वाजलेले असतात.
पडद्यावर ऋतुजा कानडे, खराडी, चौथा मजला,
मागे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फुगा, अर्धा बसलेला.
पहिल्याच दिवशी तिने विचारलं, सर, तुम्ही मराठीच ना?
आणि तेव्हापासून मी
माझी नोकरी माझ्याच भाषेत
तिला समजावून देतो आहे.

विम्याचे दावे. दवाखान्यांची बिलं.
अरबी सात म्हणजे उघडी चिमटी,
आठ म्हणजे तीच पालथी.
ती वहीत लिहून घेते. अजून वही!
मला बरं वाटतं,
आणि बरं वाटल्याचा रागही येतो.

पगार विचारू नये, पण मी विचारला.
माझ्या पगाराच्या चौथा हिस्सा.
तिच्या वडिलांच्या दुप्पट, ती म्हणाली,
आणि कॅमेऱ्यातून नजर काढून घेतली.

शेजारच्या खुर्चीत झुवैना, बहलाची.
चार वर्षांपूर्वी तिला हे काम मीच शिकवलं.
तेव्हा कँटीनमध्ये सगळे म्हणायचे,
जपून रे शिर्के, इथलीच आहे, तुझी खुर्ची घेईल.
मी जपून शिकवलं. खरं सांगतो,
दोन-तीन गोष्टी वर्षभर सांगितल्याच नाहीत.
तिने मात्र पहिल्याच आठवड्यात सांगितलं
जे इथल्या पंधरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं:
काहवा पुरे झाला की तोंडाने नाही म्हणायचं नसतं,
पेला नुसता हलवायचा.
नाहीतर ओतणारा ओतत राहतो.

आता खुर्चीच निघाली.
तिची, माझी, खिडकीजवळची ती सहाही.
माझी नोकरी माझ्याआधी गावाकडे पोचली,
मला तिच्यामागून जाता येत नाही.
एकोणीस वर्षं मी इथे परका होतो,
झुवैना तर आपल्याच देशात बसल्या जागी
बाहेरची झाली.
तिच्या घरी सांगायला तिने
ईद उलटू द्यायचं ठरवलं आहे.

मंगळवारी ऋतुजाने विचारलं,
सर, बिलावर शिक्का नसेल तर?
सूरचा एक म्हातारा कोळी आहे, साखरेने पाय गेलेला.
त्याच्या बिलावर शिक्का कधीच नसतो.
झुवैना दवाखान्यात फोन लावते,
आधी तिथल्या बाईच्या आईची तब्येत विचारते,
मग शिक्का येतो.
मी म्हटलं, फोन लाव.
सर, आम्हाला बाहेर फोन लावता येत नाही.
मग?
मग परत पाठवायचं. असं लिहिलंय इथे.
थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.
फुगा एव्हाना जमिनीवर आला होता.

शेवटच्या दिवशी झुवैनाने थर्मास आणला,
खलास खजूर, डब्यात हलवा.
टेबलं रिकामी. तारांची भेंडोळी रबराने बांधलेली.
तिने विचारलं, ती मुलगी कशी आहे?
हुशार आहे, मी म्हटलं.
मग तिला सांग, सूरची ती बाई
बारानंतर फोन उचलत नाही. सकाळीच गाठायचं.
मी हो म्हटलं.
फोनचं काय ते सांगणं जिवावर आलं.

ती ओतत होती, मी पीत होतो.
खाली हमरियाकडे जाणारी बस
कुणासाठी तरी थांबून निघाली.
पुन्हा ओतला. पुन्हा प्यायलो.
बऱ्याच वेळाने तिनेच थांबून माझ्या हाताकडे पाहिलं.
पेला हलवायचा राहिला होता.